यादीत पहिला कोण?

अशी कल्पना करा. आजीचे कार्ड बँकेच्या एटीएममध्ये अडकले आहे. घरात मोठे कोणी नाही. आजी तुम्हाला म्हणते, "बाळ, त्या मोबाईलवर बँकेचा नंबर शोध बघू." तुम्ही बँकेचे नाव टाकता, पुढे 'मदत क्रमांक' असे लिहिता आणि बोट टेकवता. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच एक भलीमोठी यादी समोर येते. तुम्ही काय कराल? बहुतेक जण जे करतात तेच. यादीतील पहिला क्रमांक फिरवाल!

आणि तो क्रमांक बँकेचा नसलाच तर? पलीकडचा माणूस गोड बोलून आजीच्या कार्डाचा गुप्त आकडा विचारून घेईल आणि खाते रिकामे करील. ही काही मनाने रचलेली भीती नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ग्राहकांना सावध करण्यासाठी काढलेल्या पुस्तिकेत, शोधयंत्राच्या यादीत सापडलेल्या खोट्या क्रमांकांमुळे होणाऱ्या फसवणुकीचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

मग प्रश्न असा, की यादीत पहिला कोण हे ठरवतो कोण? त्या जागी बसण्यासाठी काय करावे लागते? ती जागा विकत मिळते का? या प्रश्नांची उत्तरे मोठी मनोरंजक आहेत. त्यांत थोडे गणित आहे, थोडा बाजार आहे आणि थोडी लबाडीही आहे. चला तर, एकेक पाहू या.

शोधयंत्र शोधते केव्हा?

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण प्रश्न विचारल्यावर शोधयंत्र जगभरची पाने धुंडाळायला निघते, असे अनेकांना वाटते. तसे ते करू लागले, तर उत्तर यायला महिने लागतील. खरे शोधाचे काम आधीच होऊन गेलेले असते.

तुमच्या इतिहासाच्या एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते ना? 'रायगड : पृष्ठे १२, ४७, १०३' अशी. रायगडाविषयी काही हवे असेल तर तुम्ही सगळा ग्रंथ चाळत नाही; सूची पाहता. शोधयंत्रही अगदी तेच करते. त्याचे एक काम असे, की एका पानावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर असे अखंड फिरत राहायचे आणि प्रत्येक पानाची नक्कल आणून ठेवायची. दुसरे काम म्हणजे त्या सर्व पानांची प्रचंड सूची तयार करायची : अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आहे.

हे यंत्र एका पानावरून दुसऱ्यावर जाते कसे? दुव्यांवरून. दुवा म्हणजे आपण ज्याला लिंक म्हणतो ती. बोट टेकवले की दुसरे पान उघडते, असा शब्द वा अशी ओळ. कोळी जसा आपल्या जाळ्याच्या धाग्यावरून चालतो, तसे हे यंत्र दुव्यांवरून चालते. यावरून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा : ज्या पानाकडे कोणाचाही दुवा जात नाही, ते पान शोधयंत्राला सापडणेच कठीण. सगळ्या वाटांपासून दूर असलेल्या वाडीसारखी त्याची अवस्था होते.

शब्द मोजून भागेना

आता समजा, 'आंबा' हा शब्द लाखो पानांवर आहे. त्यांतील कोणते पान पहिले दाखवायचे? सुरुवातीच्या शोधयंत्रांनी सरळ विचार केला. ज्या पानावर हा शब्द अधिक वेळा आला असेल आणि शीर्षकातही असेल, ते पान आंब्याविषयी अधिक सांगत असणार.

विचार वाईट नव्हता. पण माणूस मोठा बिलंदर! काही जणांनी आपल्या पानावर तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत! वाचणाऱ्याला काही दिसू नये आणि मोजणाऱ्या यंत्राने मात्र फसावे, अशी ही युक्ती. परिणाम असा झाला, की याद्या निरुपयोगी पानांनी भरून गेल्या. १९९७ च्या नोव्हेंबर महिन्यात त्या काळच्या चार आघाडीच्या व्यापारी शोधयंत्रांपैकी एकच असे होते, की त्याला त्याचेच नाव विचारले असता ते पहिल्या दहा उत्तरांत स्वतःला शोधून दाखवू शके!

ही नोंद करणारे होते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे दोन संशोधक विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन. १९९८ साली त्यांनी आपल्या नव्या शोधयंत्राविषयी निबंध लिहिला. त्याच वर्षी त्यांनी 'गूगल' कंपनी स्थापन केली.

दुवा म्हणजे शिफारस

पेज आणि ब्रिन यांची मूळ कल्पना सोपी होती. एखादे पान स्वतःविषयी काय म्हणते याला फारसे महत्त्व देऊ नका. इतर पाने त्याच्याविषयी काय म्हणतात ते पाहा. कोणी आपल्या पानावरून दुसऱ्याच्या पानाकडे दुवा देतो, तेव्हा तो वाचकाला जणू सांगत असतो, "तिकडेही जाऊन बघा, उपयोगी आहे." म्हणजे प्रत्येक दुवा ही एक शिफारस झाली, एक मत झाले.

ही कल्पना विज्ञानाच्या जगात नवी नव्हती. शास्त्रज्ञ आपल्या निबंधात आधीच्या ज्या निबंधांचा आधार घेतात, त्यांचा उल्लेख करतात. युजीन गारफील्ड यांनी अशा उल्लेखांची सूची १९६४ मध्ये प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ज्या निबंधाचा उल्लेख अनेक जण करतात तो महत्त्वाचा असणार, हे त्यावरून ताडता येऊ लागले.

पण नुसती मते मोजून चालेल का? समजा, तुमच्या चित्राला वर्गातील पाच मित्रांनी 'छान' म्हटले आणि दुसऱ्याच्या चित्राला एकाच व्यक्तीने. पण ती व्यक्ती म्हणजे तुमच्या जिल्ह्यातील नामांकित चित्रकार! कोणाचे मत जड? म्हणजे मत किती मिळाली यापेक्षा ती कोणाची, हे पाहिले पाहिजे. मत देणारा किती मोठा हे कसे ठरवायचे? त्याला कोणाकोणाची मते मिळाली यावरून. आणि त्या मते देणाऱ्यांचा मोठेपणा? पुन्हा त्यांना मिळालेल्या मतांवरून! तुम्ही म्हणाल, हे तर गोल गोल फिरणे झाले. याला अंत कोठे?

अंत आहे. तो चिंचोक्यांनी दाखवता येतो.

चिंचोक्यांचा खेळ

अ, ब आणि क अशी तीन पाने घ्या. 'अ' वरून 'ब' कडे आणि 'क' कडे असे दोन दुवे जातात. 'ब' वरून फक्त 'क' कडे एक दुवा जातो. 'क' वरून फक्त 'अ' कडे एक दुवा जातो. प्रत्येकाला ४० चिंचोके द्या. एकूण १२० झाले.

आता नियम असा : प्रत्येक फेरीत प्रत्येकाने आपल्याजवळचे सर्व चिंचोके, आपण ज्यांना दुवा दिला त्यांच्यात सारखे वाटून टाकायचे. सर्वांनी एकाच वेळी. पहिल्या फेरीत 'अ' आपले ४० चिंचोके २० आणि २० असे वाटतो, 'ब' आपले ४० 'क' ला देतो, 'क' आपले ४० 'अ' ला देतो. फेरीच्या शेवटी 'अ' जवळ ४०, 'ब' जवळ २० आणि 'क' जवळ ६० उरतात. पुढच्या फेऱ्या अशा होतात :

दुसरी फेरी : अ ६०, ब २०, क ४०
तिसरी फेरी : अ ४०, ब ३०, क ५०
चौथी फेरी : अ ५०, ब २०, क ५०
पाचवी फेरी : अ ५०, ब २५, क ४५
सहावी फेरी : अ ४५, ब २५, क ५०

पाहिलेत? आकड्यांची उड्या मारण्याची खोड कमी कमी होत चालली. असेच पुढे करत राहिलात तर वाटणी ४८, २४, ४८ या आकड्यांच्या अगदी जवळ जाते. तेथे पोहोचल्यावर कितीही फेऱ्या करा, ती हलत नाही. करून बघा : ४८ चे दोन भाग २४ आणि २४, 'ब' ला २४ मिळाले, 'क' ला २४ अधिक 'ब' चे २४ मिळून ४८, आणि 'क' चे ४८ 'अ' ला. झाले!

येथे एक गंमत आहे. 'क' ला दोघांनी दुवे दिले, 'अ' ला एकानेच. तरी दोघांचे वजन सारखे भरले. कारण 'अ' ला दुवा देणारा 'क' स्वतः वजनदार आहे, आणि त्याने आपले सगळे वजन एकट्या 'अ' च्या पारड्यात टाकले. 'ब' लाही एकच दुवा मिळाला, पण तो अर्ध्या वाट्याचा. म्हणून 'ब' मागे राहिला.

पेज आणि ब्रिन यांनी हाच खेळ कोट्यवधी पानांवर संगणकाकडून खेळवून घेतला. त्या पद्धतीला 'पेजरँक' असे नाव पडले. पेज म्हणजे पान, आणि पेज हे शोधकाचे आडनावही! या पद्धतीवरच्या निबंधाच्या लेखकांत राजीव मोटवानी हे भारतात जन्मलेले, कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले संगणकशास्त्रज्ञही होते. तब्बल ३२ कोटी २० लाख दुव्यांचा हिशेब सुमारे ५२ फेऱ्यांत स्थिर झाला, असे त्यांना आढळले.

खेळात एक अडचण मात्र येते. समजा, दोन पानांनी फक्त एकमेकांनाच दुवे दिले, बाहेर कोणालाच नाही. मग बाहेरून त्यांच्याकडे आलेले चिंचोके परत येणारच नाहीत. बांध नसलेल्या विहिरीत पाणी उतरावे तसे सगळे तेथेच साचतील. यावर उपाय असा केला : प्रत्येक फेरीत दर शंभरातील ८५ चिंचोकेच दुव्यांवरून पुढे पाठवायचे, उरलेले १५ गोळा करून जगातील सर्व पानांना सारखे वाटायचे. दुव्यांवरून भटकणारा वाचक कधी ना कधी कंटाळतो आणि एखादे भलतेच पान उघडतो, तसेच हे.

विकत घेतलेली मते

आता बिलंदर मंडळी पुन्हा पुढे सरसावली. त्यांनी विचार केला, दुवा म्हणजे मत असेल तर खोटे मतदार उभे करू या!

हे कसे साधते ते पाहा. समजा, जगातील पानांच्या वाट्याला सरासरी १ गुण येतो. मग ज्या पानाकडे कोणीच दुवा देत नाही, त्यालाही सर्वांना वाटलेल्या १५ टक्क्यांतून ०.१५ गुण मिळतातच. एखाद्याने अशी १०० फुकटची पाने तयार केली आणि त्या प्रत्येकावरून केवळ आपल्या दुकानाच्या पानाकडे दुवा दिला. प्रत्येक पान ०.१५ च्या ८५ टक्के, म्हणजे ०.१२७५ गुण पुढे पाठवील. १०० पानांचे झाले १२.७५. दुकानाचे स्वतःचे ०.१५ मिळवले की १२.९०. कोठे ०.१५ आणि कोठे १२.९०! गुण ८६ पट झाले आणि एकाही खऱ्या वाचकाने शिफारस केलेली नाही. अशा बनावट पानांच्या समूहाला 'दुव्यांची शेती' म्हणतात. ज्यांना एवढे कष्ट नको होते, त्यांनी दुसऱ्यांच्या पानांवरचे दुवे रोख पैसे मोजून विकत घेतले.

याचे एक गाजलेले उदाहरण २०११ मधले आहे. जे. सी. पेनी हे अमेरिकेतील मोठे दुकान कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात काही महिने पहिल्या क्रमांकावर दिसत होते. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा दोन हजारांहून अधिक पानांवर त्या दुकानाकडे जाणारे दुवे सापडले. त्यांतील पुष्कळशा पानांचा कपड्यांशी वा गालिच्यांशी काडीचाही संबंध नव्हता! हे दुवे आपण लावायला सांगितले नव्हते, असे कंपनीने सांगितले. पण गूगलने ती मते बाद केली. दिवाणखान्यातील फर्निचरच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले दुकान ६८ व्या क्रमांकावर जाऊन पडले.

शोधयंत्रांनीही आपली हत्यारे परजली. २००५ मध्ये एक खूण ठरवण्यात आली. दुव्याला ती जोडली की शोधयंत्राला कळते, 'हे मत म्हणून धरू नका'. जाहिरात म्हणून पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला अशी खूण जोडावी, असा गूगलचा नियम आहे. २०१२ च्या एप्रिल महिन्यात गूगलने बनावट दुव्यांच्या जोरावर वर चढलेल्या पानांना खाली आणणारी 'पेंग्विन' नावाची सुधारणा लागू केली. आज पानांचा क्रम लावताना दुवे हा अनेक घटकांपैकी एक घटक असतो. पानावरील मजकूर, त्याचा ताजेपणा, शोधणाऱ्याची भाषा आणि ठिकाण अशा पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात.

पैसे मोजून मिळणारी जागा

पण मग पैसे देऊन पुढे येण्याचा उघड, सरळ मार्ग नाही का? आहे. तो म्हणजे जाहिरात. शोधयंत्राच्या यादीत काही ओळी अशा असतात, की त्यांच्याजवळ 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' अशा अर्थाचा लहानसा शब्द असतो. ती जागा मतांनी मिळालेली नसते. लिलावात मिळालेली असते.

असा लिलाव १९९८ मध्ये 'गोटू' नावाच्या अमेरिकन शोधयंत्राने चालू केला. त्यांचा नियम साधा होता : जो अधिक पैसे देईल तो वर. २००२ मध्ये गूगलने आपल्या जाहिरातींसाठी लिलाव आणला, पण त्यात एक हुशारीचा बदल केला. तो उदाहरणाने समजून घेऊ.

'सायकल दुरुस्ती' या शब्दांसाठी तीन दुकानदार बोली लावत आहेत. जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत. कोणी तिच्यावर टिचकी मारली, म्हणजेच क्लिक केले, तरच पैसे. पहिला दुकानदार म्हणतो, टिचकीमागे १० रुपये देईन. दुसरा म्हणतो ६, तिसरा म्हणतो ४. वर कोणाला बसवावे?

तुम्ही म्हणाल, १० वाल्याला. पण थांबा! पहिल्याची जाहिरात १०० लोकांना दाखवली तर २ च जण टिचकी मारतात. लोकांना ती उपयोगी वाटत नाही. दुसऱ्याच्या जाहिरातीवर ५ जण मारतात आणि तिसऱ्याच्या ४ जण. आता गुणाकार करा. पहिला : १० × २ = २०. दुसरा : ६ × ५ = ३०. तिसरा : ४ × ४ = १६. म्हणून सर्वांत वर बसतो दुसरा दुकानदार.

आणि त्याने द्यायचे किती? सहा रुपये? नाही. आपल्या खालच्याला मागे ठेवण्यासाठी जेवढे पुरतील तेवढेच. खालच्याचा गुणाकार २० आहे. २० भागिले ५ म्हणजे टिचकीमागे ४ रुपये. पहिला दुकानदार आता दुसऱ्या जागी गेला. त्याला १६ भागिले २ म्हणजे ८ रुपये पडतात. गंमत पाहा! वर बसलेला ४ रुपये देतो आणि खाली बसलेला ८! आजच्या लिलावात जाहिरातीचा दर्जा ठरवण्याच्या कसोट्या वाढल्या आहेत, पण बोली आणि दर्जा या दोन्हींचा मेळ घालण्याचे तत्त्व तेच आहे.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली : जाहिरातीची जागा भाड्याची असते. पैसे थांबले की ती जाते. जाहिरात दिल्याने खालच्या साध्या यादीतील क्रमांक सुधारत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. दुसरी : टिचक्या अधिक मिळणे म्हणजे माहिती खरी असणे नव्हे. लोकांना मोहात पाडणारी ओळ लबाडही लिहू शकतो. जाहिरात कोणती आणि साधी ओळ कोणती हे वाचकाला स्पष्ट दिसले पाहिजे, असे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ मध्ये शोधयंत्र कंपन्यांना बजावले, ते यासाठीच. विशेष म्हणजे पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या त्याच निबंधात लिहून ठेवले होते, की जाहिरातींवर जगणारी शोधयंत्रे स्वाभाविकपणेच वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकतील. आज त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग जाहिरातींतूनच येतो!

तुमचे पान वर कसे येईल?

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने एक संकेतस्थळ तयार केले. शाळेच्या गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी आणि गावच्या तळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांची माहिती त्यावर आहे. ते लोकांना सापडावे यासाठी काय कराल?

सर्वांत आधी, दुसरीकडे मिळणार नाही असे काहीतरी द्या. बेडकाची सर्वसाधारण माहिती हजार ठिकाणी आहे. पण तुमच्या गावात जून ते सप्टेंबर या काळात कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस पडला, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? शेतकऱ्याला, शिक्षकाला, वार्ताहराला त्याचा उपयोग होईल, आणि उपयोग झाला की ते आपणहून दुवा देतील.

प्रत्येक पानाला अर्थपूर्ण शीर्षक द्या. 'पान ३' नको. 'तळ्यावरचे हिवाळी पाहुणे' बरे, आणि गावाचे नाव घातलेत तर त्याहून बरे. मजकूर चित्रात कोंबू नका. देवनागरी अक्षरांत टंकलिखित करा. शोधयंत्राला चित्रापेक्षा अक्षरे वाचणे सोपे जाते. आपल्या पानांनाही एकमेकांशी दुव्यांनी जोडा, आणि दुवा देताना 'येथे पाहा' एवढेच न लिहिता 'ऑगस्टमधील पाऊस' असे लिहा. पुढे काय आहे ते वाचकालाही कळते आणि यंत्रालाही.

मग गावातील ग्रंथालयाला, शेजारच्या शाळेला, जिल्ह्यातील पक्षिमित्र मंडळाला आपले काम दाखवा. त्यांना आवडले तर ते दुवा देतील. त्यांचे काम चांगले असेल तर तुम्हीही द्या. मात्र 'तू मला दे, मी तुला देतो' असा निव्वळ सौदा करू नका. आणि "पाचशे रुपयांत हजार दुवे मिळवून देतो" असे कोणी म्हणाले, तर त्याला दुरूनच नमस्कार करा. ते हजार दुवे म्हणजे दुव्यांची शेती. पकडली गेली की तुमचे पान आहे त्याहूनही खाली जाईल.

जाहिरात द्यावी का? विज्ञान प्रदर्शन पुढच्या रविवारी असेल आणि परिसरातील लोकांना चार दिवसांत कळवायचे असेल, तर थोडे पैसे खर्च करून जाहिरात देणे गैर नाही. ती उघड जाहिरात आहे. कोणाची फसवणूक नाही. पण वर्षानुवर्षे टिकणारे स्थान हवे असेल, तर त्याला शिफारशीच लागतात, आणि त्या कामातून मिळतात.

आणि वाचणाऱ्याने?

आता पुन्हा आजीकडे येऊ. पहिली ओळ पुढे का आली, याची तीन कारणे असू शकतात हे तुम्हाला आता ठाऊक झाले. कदाचित अनेक जाणत्यांनी तिची शिफारस केली असेल. कदाचित कोणी ती जागा लिलावात घेतली असेल. कदाचित कोणी खोट्या शिफारशींनी ती बळकावली असेल. पहिला क्रमांक म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे, हे यातले सार.

म्हणून बँकेचा क्रमांक यादीतून उचलू नका. तो कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच फिरवा. गुप्त आकडा कोणी विचारला तर तो माणूस बँकेचा नाही असे समजून फोन ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. औषध, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज यांविषयी शोधताना आधी ती ओळ जाहिरात आहे का ते बघा. मग पान कोणाचे आहे ते बघा. आणि निदान दुसऱ्या एका स्वतंत्र ठिकाणी ताडून बघा. अलीकडे, २०२४ पासून, यादीच्याही वर यंत्राने स्वतः जुळवलेले उत्तर दिसू लागले आहे. त्यालाही हीच कसोटी लावा : हे कोणाच्या आधाराने सांगितले?

वर्गात करून पाहा

चिंचोक्यांचा खेळ आता थोडा बदलून खेळा. 'ब' ने 'क' बरोबरच 'अ' लाही दुवा दिला असे समजा. बाकीचे दुवे पूर्वीसारखेच. प्रत्येकाला ३० चिंचोके देऊन सुरुवात करा. अर्धा चिंचोका वाटायची वेळ आली तर कागदावर हिशेब चालू ठेवा. पाच-सहा फेऱ्यांनंतर कोण पुढे आहे? शेवटी वाटणी कोठे स्थिर होईल? आधी स्वतः करा, मगच पुढचे वाचा.

उत्तर : अ ४०, ब २०, क ३०. 'ब' ने आपल्या एका मताचे दोन वाटे केले आणि 'अ' पहिला झाला. एका दुव्याने यादी बदलते ती अशी. म्हणून दुवा देणाऱ्यानेही विचार करूनच तो द्यावा.